बिनचौकटीची कपाटं

घर विकलं गेलं, सह्या झाल्या, शेजारच्या बाई डोळे पुसत जॅमची बाटली देऊन गेल्या, इथवर सगळं गेरहिल्डने नेटाने निभावलं होतं. पण शनिवारी सकाळी मुलगा हेनिंग हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा मात्र तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. घर विकलं होतं, स्वयंपाकघर विकलेलं नव्हतं. ते उतरवून बरोबर न्यायचं होतं.

त्यात नवल काही नाही. घर सोडणारा माणूस गादी-उशांबरोबर आपलं स्वयंपाकघरही सोडवून नेतो आणि नव्याने येणारा आपलं घेऊन येतो, ही इथे जर्मनीत रीतच आहे. हे घर घेणारे दातांचे डॉक्टर तर आपलं स्वयंपाकघर ट्रकमध्ये भरून तयारच बसले होते. भिंती रिकाम्या हव्यात, असं त्यांनी फोन करकरून बजावलं होतं. तेव्हा गेरहिल्डने आठवडाभर एकेक बशी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटं रिकामी केली होती. शेगडी तेवढी चालू ठेवली होती, कारण पोरं येणार म्हणजे त्यांना पिकर्ट खायला घालायला हवेत.

"आधी खाऊन घ्या," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी कुणी काही उचलायचं नाही."

किसलेल्या बटाट्याचे, मनुका घातलेले जाडजूड पोळे आणि वर बिटाची काकवी. ब्रेमेनहून आलेली रोस्वीटा कोट न काढताच पहिला पिकर्ट हातात घेऊन उभ्या उभ्या खाऊ लागली. ती पन्नाशीला टेकली होती, पण आईच्या घरी आली की खाण्याची पद्धत दहा वर्षांच्या मुलीची. भावाकडे बघून तिने भुवई उडवली.

"मालक जातीने आले? कामगारांना सुट्टी दिलीस वाटतं?"

"बाबांचं काम आहे. त्याला परक्याचा हात लागू द्यायचा नाही," हेनिंग म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. स्टुकेनब्रोक घराण्याचा स्वयंपाकघरं बनवायचा कारखाना तो चालवू लागल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्याने हातात स्क्रूड्रायव्हर धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याची बायको इम्के टेबलाच्या टोकाला बसली. तिने एकच पिकर्ट घेतला, काकवी नको म्हणाली, आणि "छान झालाय, आई. तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला," असं नेहमीचं वाक्य बोलून गप्प झाली.

लग्नाला इतकी वर्षं होऊनही इम्के सासूला 'तुम्ही'च म्हणायची. इथे 'तू' म्हणायची मुभा मोठ्या माणसाने द्यायची असते, आणि गेरहिल्डने ती दिली नव्हती. सुरुवातीला मुद्दाम दिली नव्हती, हे खरंच. सून गावची नव्हती, सुतारकामाच्या घरातली नव्हती, आणि पहिल्याच भेटीत तिने गेरहिल्डच्या नवऱ्याला, एवाल्डला, विचारलं होतं, की या कपाटांमध्ये एवढं विशेष ते काय? एवाल्ड हसला होता. गेरहिल्ड हसली नव्हती. पुढे मुभा द्यायची राहून गेली, आणि इतक्या उशिरा दिली तर आजवर का दिली नाही, हे बोलावं लागलं असतं.

कपाटांमध्ये विशेष काय, हे त्या घरात बाकी कुणाला विचारावं लागत नव्हतं. सासरे ल्यूडर स्टुकेनब्रोक पंचक्रोशीत नावाजलेले सुतार. त्यांच्या कपाटाला तोंडाशी लाकडाची चौकट असायची, चार बोटं रुंद, रंधा मारून गुळगुळीत केलेली. दार त्या चौकटीत बसायचं. एवाल्डने ती चौकटच काढून टाकली. दोन बाजू, तळ, माथा, मागे पातळ पाठ, झालं कपाट. दार बाजूच्या फळीलाच आतून बसवलेल्या बिजागरीवर झुलायचं आणि मिटलं की कपाटाचं सगळं तोंड झाकून टाकायचं. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "हे कपाट नाही, खोकं आहे. उद्या यात बटाटे भर आणि बाजारात ने." कित्येक वर्षं बापलेकांचं बोलणं बंद होतं, आणि मधल्या मधे निरोप पोचवता पोचवता गेरहिल्डची सगळी उमेदीची वर्षं सरली.

पण तिला स्वतःला ती कपाटं पहिल्या दिवसापासून आवडली होती. चौकटीच्या कपाटाचं पोट मोठं आणि तोंड लहान. फळं टिकवायचं मोठं पातेलं त्यात तिरकं करून, कड घासत, शिव्या देत घालावं लागायचं. एवाल्डच्या कपाटात ते सरळ आत जायचं. मात्र एक होतं. चौकट असली की तिच्या मागे सुताराची चूक लपते. खोकं जरा वाकडं झालं तरी पुढून चौकट सरळ दिसते. चौकट काढली की लपायला जागा राहत नाही. काटकोन केसभर चुकला तरी दारं बोलतात, एक वर जातं, एक खाली, आणि दोन दारांमधली फट वर रुंद आणि खाली चिंचोळी होते. म्हणून एवाल्ड अधूनमधून रात्रीचं जेवण झालं की स्क्रूड्रायव्हर घेऊन ओट्यापाशी जायचा आणि बिजागऱ्यांचे स्क्रू किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत बसायचा. ती भांडी धुवायची, तो फटी जुळवायचा. तेवढ्यात गावातल्या सगळ्यांच्या बातम्या सांगून व्हायच्या.

तो गेल्यापासून स्क्रू कुणी फिरवले नव्हते. दारं आपापल्या मनाने सरकत गेली होती. कोपऱ्यातलं तर आता पुरतं मिटतही नव्हतं. गेरहिल्ड रोज सकाळी रेडिओ लावायची तो बातम्यांसाठी नाही, घरात आणखी एक आवाज असावा म्हणून. ती फार एकटी होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. फोनवर मुलं विचारायची ते गुडघ्यांचं आणि गोळ्यांचं.

गेरहिल्ड जाणार होती ती हेरफोर्डमधली जागा रोस्वीटाने शोधली होती. खास म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली, प्रत्येकाला आपापली स्वतंत्र खोली नि स्वयंपाकघराची भिंत, जिन्याला कठडा, बाथरूममध्ये ओढायची दोरी. गेरहिल्डने ती पाहिली, "उजेड चांगला आहे," म्हणाली आणि सही केली. मनात तेव्हा काय होतं ते तिने स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं. सही केली तरी बदलता येते, एवढंच काहीतरी होतं. मुलांपैकी कुणीतरी मधेच म्हणेल, आई, हे कसलं खूळ, असं तिला वाटत राहिलं होतं.

दुसरा पिकर्ट संपवून हेनिंगने हात पुसले, वरच्या कपाटांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला,

"आई, मी विचार करत होतो. खरं सांगायचं तर तुला आता स्वयंपाकघर लागणारच नाही."

गेरहिल्डचा उलथणं धरलेला हात तसाच थांबला.

स्वयंपाकघर कुणाला लागत नाही? जो दुसऱ्याच्या घरी राहायला जातो त्याला. हेनिंगच्या घरी वरच्या मजल्यावर टोर्बेनची खोली रिकामी होती. नातू शिकायला हॅम्बुर्गला गेला होता आणि सुट्टीतही फारसा येत नव्हता. खिडकीतून बागेतलं अक्रोडाचं झाड दिसायचं. डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत गेरहिल्डने आपला पलंग त्या खिडकीशी लावला, कपडे कपाटात ठेवले, सकाळी इम्केच्या आधी खाली यायचं नाही असं ठरवलं, ओट्याला हात लावायचा नाही असंही ठरवलं. तिचा चेहरा तापला. एवढ्या वर्षांत इतकं हलकं तिला वाटलं नव्हतं.

"मग पातेल्यांचं काय करू?" तिने जपून विचारलं. "तुमच्याकडे तर सगळं आहेच."

हेनिंगच्या काही लक्षात आलं नाही. रोस्वीटा कॉफी ओतत होती. पण टेबलाच्या टोकाला बसलेल्या इम्केने झटकन मान वर केली आणि सासूकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आमच्याकडे कशाला?" हेनिंग म्हणाला. "ती पण प्रदर्शनात ठेवू. छान दिसतील. अगं, पुढच्या वर्षी कारखान्याचा मोठा समारंभ आहे. मला तिथे बाबांचं हे पहिलं स्वयंपाकघर उभं करायचंय. हेच, जसंच्या तसं. भिंतीवर बाबांचा फोटो. तुझ्या नव्या जागेत मी आपलं सगळ्यात नवीन बसवून देतो. मुठी नाहीत, काही नाही. नुसतं बोट लावलं की दार उघडतं. आणि खाली जेवणाची सोय आहेच, तेव्हा तसं तुला लागणार ते चहा-कॉफीपुरतं."

गेरहिल्डने पिकर्ट उलटला. तो एका बाजूने करपला होता. तिने तो आपल्या ताटलीत घेतला आणि शेगडी बंद केली.

मग व्हायचं ते झालं. रोस्वीटा उसळली. आईचं अजून सगळं धड चालू आहे आणि तू तिचं स्वयंपाकघर काचेमागे ठेवायला निघालास, आधी तिला तरी नीट पोचू दे, असं ती भावाला बोलली. फोनवरसुद्धा तिने हेच सांगितलं होतं, की आईच्या ओळखीच्या वस्तू बरोबर जायला हव्यात. हेनिंगने शांतपणे खिशातून नव्या जागेच्या नकाशाचा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. भिंत आखूड होती. वरची सगळी कपाटं बसणार नव्हती, कोपऱ्याचं तर मुळीच नाही. रोस्वीटाने कागदाकडे बघितलं, मग आईच्या खांद्यांकडे, आणि तिचा आवाज उतरला. तसं बघायला गेलं तर नवीन सोयीचं पडेल, ती म्हणाली. बोट लावलं की उघडतं म्हणजे सांध्यांना बरं. आणि जुन्याचं चीज होत असेल तर वाईट काय?

गेरहिल्ड दोघांकडे आळीपाळीने बघत होती. रोस्वीटाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते कुणी बोलायची गरज नव्हती. बहीणभाऊ किती तरी वर्षांनी एका बाजूला आले होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर कामाचं एक ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

"नाही," इम्के म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. या घरातल्या वादात इम्केने कधी तोंड घातलं नव्हतं, आणि सासूच्या बाजूने तर नाहीच.

"स्वयंपाकघर आईंचं आहे. बसतील तेवढी कपाटं त्या घेऊन जातील. उरतील ती तुझ्या प्रदर्शनात ठेव. स्वतःचं घर आहे म्हटल्यावर स्वतःचं स्वयंपाकघर नको?"

"तू कधीपासून कपाटांच्या बाजूची झालीस?" हेनिंगने विचारलं.

"आत्तापासून," इम्के म्हणाली आणि उठून कप गोळा करायला लागली. हेनिंग काही तरी पुटपुटला, पण बायकोच्या आवाजातला हा सूर त्याला ओळखीचा असावा, कारण त्याने पुढे ताणलं नाही. दोघं भावंडं ट्रेलरवर घोंगड्या अंथरायला बाहेर गेली. अंगणात त्यांचा वाद पुन्हा सुरू झाल्याचं आत ऐकू येत होतं.

गेरहिल्डला आधी गलबलून आलं. ज्या सुनेला आपण साधं 'तू' दिलं नाही ती आपल्यासाठी नवऱ्याशी भांडली, असं तिला वाटलं. आभार मानावेत म्हणून ती वळली, आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या इम्केचे आखडलेले खांदे तिला दिसले. मग तिला सगळं कळलं. स्वतःचं घर म्हटल्यावर स्वतःचं स्वयंपाकघर. ज्याच्याकडे ते असतं तो दुसऱ्याच्या वरच्या मजल्यावर येत नाही.

"मघाशी माझ्या मनात काय आलं ते तुला कळलं होतं," गेरहिल्ड म्हणाली.

इम्केने पुढचा कप विसळायला घेतला. "हो."

"म्हणून बोललीस."

"हो." तिने नळ बंद केला, पण वळली नाही. "हेनिंगला ते कळलं असतं ना, तर तो हो म्हणाला असता. त्याला नाही म्हणता येत नाही. तो सकाळी कारखान्यात निघून गेला असता आणि घरात आपण दोघी. माझ्या आईचं शेवटचं सगळं मी केलंय. तेव्हा तुम्ही फुलं पाठवली होती, आठवतं? मला पुन्हा नाही जमणार. आणि आपलं तर कधी जमलंही नाही. मी वाईट आहे म्हणा हवं तर."

"मी काही म्हणत नाही."

"म्हण ना. म्हणत का नाहीस तू काही?"

तोंडून 'तू' निघून गेलं होतं. इम्केने तोंडावर ओला हात ठेवला. गेरहिल्ड खुर्चीवर बसली. तिला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. गेली कित्येक वर्षं तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. वाईट वाटलं ते एवढंच, की घरात आपल्याला ओळखणारं माणूस हे निघालं आणि नेमकं त्यालाच आपण नको आहोत.

"राहू दे ते 'तू'," ती म्हणाली. "आता परत घेऊ नकोस."

इम्के रडली. गेरहिल्डने तिला फडकं दिलं, तिने त्याने आधी डोळे पुसले आणि मग कप. याहून जवळ त्या दोघी आल्या नाहीत, आणि दोघींनाही ठाऊक होतं की यायच्या नाहीत.

दुपारभर काम चाललं. हेनिंगचा हात हळूहळू बसला. आधी दारं सोडवली. बिजागरीचे स्क्रू काढले की दार सुटून हातात यायचं, आणि आतलं सगळं उघडं पडायचं, ल्यूडर आजोबा म्हणाले होते तसंच, नुसती खोकी. मग शेजारच्या कपाटाशी जोडणारे स्क्रू, मग भिंतीवरच्या लोखंडी पट्टीतून आकडे उचलून एकेक कपाट खाली. रोस्वीटा खालून धरायची आणि, "हळू, माझ्या डोक्यावर वडिलोपार्जित उद्योग पाडू नकोस," म्हणायची. हेनिंग हसायचा. कोपऱ्यातलं कपाट उतरवताना त्याने मागची पाठ बोटाने वाजवून बघितली आणि आदराने मान हलवली. इतक्या वर्षांत एकही खोकं काटकोनातून हललं नव्हतं. सरकली होती ती फक्त दारं.

कपाटांमागचा भिंतीचा रंग नवाकोरा होता. गेरहिल्ड त्या फिकट पिवळ्या चौकोनांकडे बघत बसली. तो रंग तिनेच निवडला होता हे ती विसरून गेली होती. तिला वाटलं, आता गप्प राहिले तर तिकडे त्या खोलीत रोज हेच मनाशी बोलत बसेन. इम्के बाहेर होती. तिचं नाव यात येऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

"हेनिंग," ती म्हणाली. "सकाळी तू म्हणालास, तुला स्वयंपाकघर लागणार नाही. मला वाटलं, तू मला घरी राहायला बोलावतोयस."

रोस्वीटा खिडकीकडे वळली आणि बाहेर काही दिसतंय अशी उभी राहिली. हेनिंगच्या हातात वरच्या कपाटाचं दार होतं. त्याने ते उलटं केलं, बिजागरीच्या खाचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा सुलटं केलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी चोरी पकडली गेली की व्हायच्या तशा.

"आई," तो अखेर म्हणाला, दाराकडेच बघत. "तिकडे फ्रिज उजवीकडे येतो. ही दारं कुठल्या बाजूला उघडणारी बसवू?"

बिनचौकटीच्या कपाटाला डावं-उजवं नसतं. दोन्ही फळ्यांना आतून भोकांची सारखीच रांग असते. दार काढा, फिरवा, दुसऱ्या बाजूला लावा. बसवणारा एवढंच विचारतो, की ओट्यापाशी तुमच्या शेजारी कोण उभं असतं. उघडं दार त्याच्या डोक्याला लागू नये.

"कुठल्याही बसव," गेरहिल्ड म्हणाली. "कुणाला लागायचं नाही."